मगरिब ते इशा

"मॅडम, साडेतीन वर्षांच्या पोराला ट्यूशन लावावी का?" हा प्रश्न मला दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. कधी बाजारात, कधी लग्नाच्या दावतीत, एकदा तर मय्यतीच्या घरी. माझं उत्तर ठरलेलं आहे. लावू नका. त्या पैशाचं दूध घ्या आणि तो एक तास स्वतः त्याच्याजवळ बसा. हे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. ट्यूशन लावली की आपण मुलासाठी काहीतरी केलं असं वाटतं. नुसतं जवळ बसणं म्हणजे रिकामपणाचं लक्षण!

आमच्या कळमनुरीतल्या सहा वर्षांच्या एखाद्या मुलाचा दिवस बघा. फजरनंतर मकतब, मग शाळा, शाळेतून आल्यावर ट्यूशन, ट्यूशनवरून आल्यावर मोबाइल आणि मग झोप. या दिवसभरात त्याच्याशी बोलतं कोण? सगळे बोलतात, पण काय बोलतात? उठ. हात धू. दप्तर घे. चूप बैस. खा. झोप. दिवसभरात कानावर पडलेल्या वाक्यांपैकी निम्म्याहून जास्त हुकूम. मी गेली बरीच वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते आहे, त्यामुळे याचा परिणाम मला वर्गात ऐकू येतो. 'काल घरी काय केलंस?' असं विचारलं की काही मुलं दहा मिनिटं थांबत नाहीत. बकरीला पिल्लू झालं, मामू आले, छतावर माकड आलं. काही मुलं मात्र दोनच शब्द बोलतात, 'कुछ नै'. ही दुसरी मुलं मंद नसतात. कधी कधी ती पहिल्यांपेक्षा हुशार असतात. त्यांना 'मग काय झालं?' असं विचारणारं घरात कोणी नसतं, एवढंच.

मुलांच्या भाषेबद्दल आपल्याकडे एक भलतीच भीती आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, रस्त्यावर मराठी, आणि आता वरून इंग्रजी. पोरगं गोंधळून जाईल, असं शिकलेले लोकही म्हणतात. मला हे पटत नाही. आपली दखनी स्वतःच या मातीत मराठीच्या मांडीवर वाढलेली. आपण 'नक्को' म्हणतो तो मराठीतला नको, आणि 'यहीच', 'मैंच' यातला जोर देणारा च सुद्धा मराठीचाच. चार-पाचशे वर्षं आपल्या बायका असं बोलत आल्या आणि कोणाचं डोकं फिरलं नाही. लहान मूल इमली आणि चिंच हे दोन्ही शब्द सहज उचलतं, फक्त कोणीतरी त्याच्याबरोबर बसून चिंचोके मोजायला पाहिजेत. मुलाचं नुकसान दोन-तीन भाषांनी होत नाही. कोणीच बोललं नाही तर होतं.

आता कोणी म्हणेल, मॅडमला पगार आहे, वेळ आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने काय करायचं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना मला ताराबाई मोडक आठवतात. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत यायची नाहीत. धाकट्या भावंडाला कडेवर घ्यायचं, गुरं राखायची, असली कामं त्यांच्याकडे. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज गल्लीगल्लीत दिसणाऱ्या अंगणवाडीची मूळ कल्पना या अंगणातली. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी.

मला यातली एक गोष्ट घरापुरती घ्यावीशी वाटते. मुलासाठी काम सोडायची गरज नाही, मुलाला कामाजवळ घ्यायची गरज आहे. आपला भाग हळदीचा. हळद शिजवून वाळत घातली की घरोघर निवडायचं काम असतं. चार वर्षांच्या मुलीला एक सूप द्या, हळकुंडं इकडे, गड्डे तिकडे. ती चुकेल, सांडेल, हात आणि फ्रॉक पिवळे करेल. पण लांब-आखूड, जाड-बारीक, जास्त-कमी हे तिला कुठल्याही चित्राच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल. पोळ्या करताना पिठाचा गोळा हातात द्या. तो मळून मळून बोटांत जी ताकद येते, तिच्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही. आणि हे सगळं चालू असताना तोंड मोकळंच असतं! बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. २० फेब्रुवारी २०२३ ला तर या वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळण्या-कोड्यांची पेटीच आली. पण पालकांची मोजपट्टी अजून जुनीच. चार वर्षांच्या मुलाला किती पानं गृहपाठ दिला, यावर शाळा चांगली की वाईट ते ठरतं. 'वो स्कूल में खाली खेलातेच' अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे. मला ती शाळेची तारीफ वाटली.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर बरंच. पण नुसता मोबाइल हिसकावून घेतला तर मूल रडेल, दुसरं काही होणार नाही. घरात एक जागा रिकामी होती, तिथे मोबाइल येऊन बसला आहे. त्याला उठवायचं तर त्या जागेवर कोणीतरी बसावं लागेल. कोण बसणार?

इथे माझा रोख वडिलांकडे आहे. मुलांच्या बाबतीत काही बिघडलं की आपण आईला धरतो. ती बिचारी सकाळपासून उभीच असते. आणि मगरिबची नमाज झाल्यावर आपली पुरुष मंडळी कुठे असतात? हॉटेलात, कट्ट्यावर. मगरिब ते इशा म्हणजे सव्वा तासाचा वेळ. काम संपलेलं, जेवण व्हायचं असतं, मुलं जागी असतात. दिवसातला याहून चांगला वेळ मला तरी दिसत नाही. आमच्या लहानपणी या वेळेला वीज जायची आणि दादी पहेल्या घालायची. जुना काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही, तेव्हा मारही भरपूर मिळायचा. पण कोणीतरी जवळ बसलेलं असायचं.

यावर वडिलांचं म्हणणं असतं, बापाचा रोब राहिला पाहिजे. बाप घरात आला की पोरं भिंतीला लागली पाहिजेत, ती खरी तरबियत. तरबियत हा शब्द अरबीतून आला, त्याच्या मुळाशी वाढवणं, जोपासणं असा अर्थ आहे. भीतीने रोप वाढल्याचं शेतकऱ्याच्या घरात तरी कोणी ऐकलेलं नसावं. आणि रोबच म्हणत असाल तर अबू उमैरचा प्रसंग आठवा. हजरत अनस यांचा हा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक छोटी चिमणीसारखी पाखरू होती, ती मेली. पैगंबरांनी (स.) त्या पोराला हसत, यमक जुळवत त्या पाखराबद्दल विचारलं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ज्यांच्या खांद्यावर अख्ख्या समाजाचा कारभार, त्यांना एका लहान मुलाचं पाखरू माहीत होतं. आपल्याला सोयाबीनचा भाव रोजच्या रोज माहीत असतो. मुलीच्या बकरीच्या पिल्लाचं नाव विचारलं तर? जुम्म्याच्या बयानात आईबापाचे हक्क पुष्कळदा येतात, यायलाच पाहिजेत. अबू उमैरचं पाखरू मात्र वर्षातून एकदाही येत नाही.

ज्यांचे वडील गावातच नसतात त्यांचं काय? आपल्याकडे अशी घरं खूप आहेत. कोणी मुंबईला, कोणी हैदराबादला, कोणी आखातात. त्यांचे फोन येतात, पण तेही हुकूमच. पढ रहा क्या, अम्मी कू सता नक्को, दे अम्मी कू फोन. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोन-तीन दिवस घरी. स्वतः ते चौथीपर्यंत शिकलेले. दर दोन-तीन दिवसांनी ते फोन करायचे आणि मुलाला एक पहेली घालायचे. उत्तर पुढच्या फोनला. तोपर्यंत तो मुलगा ती पहेली वर्गात आणायचा, आणि माझा वर्ग अर्धा उर्दूत, अर्धा मराठीत, बाकी दखनीत भांडत बसायचा. एकदा उत्तर 'सावली' आहे की 'धूळ' यावर दोन तट पडले. दोन्ही गाडीसोबत पळतात, पण गाडी थांबल्यावर थांबतं कोण? मग सगळे मैदानात गेले, एकाला पळायला लावलं, थांबवलं, खाली बघितलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा मुलाने वडिलांना आधी उत्तर सांगितलं नाही म्हणे. आधी पाऊण तास मैदानाचा किस्सा सांगितला, आणि वडिलांनी गाडी ढाब्यावर लावून तो सगळा ऐकला.