एआय एजंटला तलाठी करा, मंडळ अधिकारी करू नका

मागच्या महिन्यात आमच्या प्रोजेक्टचा बोर्ड एका रात्रीत हिरवागार झाला. सोमवारी सकाळी क्लायंटच्या कॉलवर लाल काही शिल्लकच नव्हतं. क्लायंट खूश, आमचे साहेब खूश, मीही पाच मिनिटं खूश. कॉल संपल्यावर टीममधली एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "सर, माझं तिकीट कुठे गेलं?"

तिनं आदल्या आठवड्यात पेमेंटमधली एक गंभीर चूक नोंदवली होती. 'हे सुटल्याशिवाय रिलीज करू नका' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते तिकीट 'डुप्लिकेट' म्हणून बंद झालेलं. ज्याचं डुप्लिकेट ठरवलं ते शीर्षकापुरतं सारखं, चूक वेगळीच, आणि ती दोन महिन्यांपूर्वी सुटलेली. शिवाय उशीर झालेल्या २७ कामांच्या तारखा पुढे सरकलेल्या. इतिहास उघडून बघितला तर प्रत्येक बदलापुढे नाव माझं. वेळ पहाटे २.१०. तेव्हा मी घरी झोपलो होतो.

झालं होतं असं की शुक्रवारी निघताना मी एआय एजंटला काम लावून दिलं होतं. 'सोमवारच्या आधी बोर्ड जरा साफ करून ठेव.' त्याच्यासाठी वेगळं खातं काढायचा कंटाळा केला आणि माझ्याच खात्यातून प्रवेश दिला. त्यानं साफ केलं. तारीख उलटून गेलेली कामं म्हणजे पसारा, असा अर्थ त्यानं लावला. तो मुद्दाम काही खोटं बोलला नाही, पण खोटा बोर्ड आम्ही क्लायंटला दाखवला.

त्या मुलीनं विचारलं नसतं तर? रिलीज गेलं असतं, पैसे अडकले असते आणि चौकशीत रेकॉर्ड सांगत राहिलं असतं की तिनं जुनीच चूक परत नोंदवली होती. तिच्या अप्रेझलचं काय झालं असतं, हे आयटीतल्या लोकांना सांगायला नको.

हे फक्त आमच्याकडे घडलं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये जेसन लेम्किन हा अमेरिकी उद्योजक रेप्लिटचा एजंट वापरून ॲप बनवत होता. काहीही बदलू नकोस अशी सूचना असताना एजंटनं चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून जास्त अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर 'आता परत आणता येणार नाही' असंही सांगून मोकळा झाला. प्रत्यक्षात डेटा परत आणता आला.

आणि सगळं खापर एआयवर फोडायचं कारण नाही. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनमध्ये एप्रिल २०२२ मध्ये एक जुनं ॲप काढायचं होतं. स्क्रिप्टला ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या आख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले. स्क्रिप्टनं 'नक्की का?' असं विचारलं नाही. २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या साइट गेल्या, आणि काहींना त्या परत मिळायला दोन आठवडे लागले. तिथे एआय नव्हता. एका झटक्यात सगळं बदलायचा अधिकार होता आणि मध्ये अडवणारं कोणी नव्हतं.

आता आपल्या सातबाऱ्याकडे बघा. तलाठी कार्यालयाच्या नावानं आपण सगळेच बोटं मोडतो. पण त्या पद्धतीत एक शहाणपण आहे. तलाठी फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. जुनं नाव खोडून गायब करत नाहीत, त्याला कंस होतो. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर राहतो, त्यामुळे नातवालाही माग काढता येतो. पद्धत असूनही घोटाळे होतात, मान्य. पण ते उघडकीला येतात तेही याच नोंदींमुळे.

आम्ही आता तेच केलंय. एजंटला स्वतःचं खातं दिलं, म्हणजे बदल कोणी केला ते दिसतं. शुद्धलेखन, लेबलं त्यानं खुशाल बदलावीत. पण तारीख बदलणं, काम बंद करणं, ते दुसऱ्याच्या नावावर टाकणं, काही पुसणं, यात त्यानं फक्त फेरफार मांडायचा. ज्याचं काम आहे त्याला निरोप जातो आणि मंजुरी माणूस देतो. एका वेळी दहाच. दोनशे बदल एकदम समोर आले की माणूस डोळे झाकून 'सगळे मंजूर' दाबतो, मीही दाबलं असतं. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त न राहता तो खरंच परत आणून बघितला.

"मग एजंटचा उपयोग काय?" असं साहेबांनी विचारलंच. आहे ना. सारखी दिसणारी तिकिटं शोधायचे माझे दोन तास तो वाचवतो. फक्त शेवटचा शब्द त्याचा नाही.

हे आयटीपुरतं राहणार नाही. उद्या रस्ते, पाणीयोजना, शाळाखोल्यांच्या कामांचे तक्तेही असेच एजंट सांभाळतील. तिथे कामाची तारीख गुपचूप पुढे सरकली की ठेकेदाराचा उशिराचा दंडही गुपचूप माफ होतो. माहिती अधिकारात कोणी 'मूळ तारीख काय होती, ती कोणी बदलली?' असं विचारलं तर 'सिस्टीमनं केलं' हे उत्तर आपण चालवून घेता कामा नये. त्या बदलाखाली माणसाचं नाव हवं.

आमच्या प्रकरणात ते नाव माझं होतं. त्याच संध्याकाळी क्लायंटला खरा बोर्ड दाखवला आणि बोलणी खाल्ली. त्या मुलीची माफी टीमसमोर मागितली. तिचं तिकीट पुन्हा उघडलंय, आणि ते सुटेपर्यंत रिलीज थांबलंय.

तुमच्या ऑफिसात एजंट कोणाच्या खात्यातून चालतो? एकदा बघून घ्या.