घरी बनवलेलं हेलिकॉप्टर : हौसेला हेल्मेटही हवं

तुमच्या घरात मिक्सरपासून सायकलपर्यंत सगळं खोलून बसणारं मूल आहे का? मग हे जरूर वाचा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावचा शेख इस्माईल, म्हणजे सगळ्यांचा मुन्ना, शाळा अर्धवट सोडून वेल्डिंगचं काम करायचा. वय अवघं 24. त्याने पत्रे कापून, पाइप जोडून, मारुती 800चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर तयार केलं. ऑगस्ट 2021 मध्ये एका रात्री चाचणी सुरू असताना मागच्या पंख्याचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं. मुख्य पंखा मुन्नाच्या डोक्याला लागला आणि तो गेला. हेलिकॉप्टर तेव्हा जमिनीवरच होतं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

इंजिन बंद पडलं तर?

हेलिकॉप्टर दगडासारखं खाली कोसळतं, असं आपल्याला वाटतं. पण पायलट लगेच पात्यांचा कोन कमी करतो. खाली येताना खालून वर जाणारी हवा पंखा फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की त्याच फिरण्याच्या जोरावर वेग कमी करून तो हेलिकॉप्टर उतरवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक पायलटला त्याचा सराव करावा लागतो.

पण पातंच तुटलं तर हा उपाय चालत नाही. म्हणूनच खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पात्यांचा धातू, तोल आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा पुन्हा तपासला जातो.

मग स्वप्न बघायचंच नाही का?

नक्की बघायचं! कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बनवलं. 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात झळकलं. तरी उड्डाणाच्या परवानगीसाठी त्यांना 2019 उजाडेपर्यंत थांबावं लागलं. असं थांबणं जिवावर येतं, पण तपासणी त्याच काळात होते.

तुम्ही काय कराल?

• मुलाला "हे खूळ सोड" म्हणू नका. त्याला जवळच्या आयटीआय किंवा इंजिनीअरिंग कॉलेजातल्या शिक्षकांकडे न्या.
• जोरात फिरणाऱ्या यंत्राच्या पहिल्या चाचणीला आत कुणी बसू नये, जवळ कुणी उभं राहू नये.
• हेल्मेट आणि गॉगल हवेतच.
• माणूस बसवून उडवायचं असेल तर आधी डीजीसीएची परवानगी घ्या.

मुन्नाकडे जिद्द होती, हातात कसब होतं. "थांब, आधी हे तपासू" म्हणणारा जाणकार प्रत्येक मुन्नाजवळ हवा. तुमच्या घरी तो तुम्हीच शोधून द्या.