केळीच्या पट्ट्यात वाढणारा घेर

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार ही शहरी सुखवस्तू माणसाची दुखणी आहेत, हा समज महाराष्ट्रात खोलवर रुजलेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या समजाला तडा देणारा एक आकडा त्यात होता. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, या ठळक मथळ्याखाली तो झाकला गेला. मधुमेहाचे प्रमाण शहरांत १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. फरक जवळजवळ दुपटीचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण मात्र शहरांत १५.४ आणि खेड्यांत १५.२ टक्के होते, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. शहरांनी आज जे भोगले आहे, त्याच्या दारात ग्रामीण भाग येऊन ठेपला आहे, असाच याचा अर्थ होतो.

हा उंबरठा नेमका कुठे आहे, हे पाहायचे तर फैजपूरसारख्या गावाकडे पाहावे लागते. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे गाव. नगरपालिका आहे, महाविद्यालय आहे, बाजारपेठ आहे. चारी बाजूंनी केळीच्या बागा आहेत. त्याला धड शहर म्हणता येत नाही आणि धड खेडेही म्हणता येत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन येथे भरले. शेतसारा, खंड आणि सावकारी कर्ज यांनी पिचलेल्या शेतकऱ्यासाठीचा कृषी कार्यक्रम त्या अधिवेशनात संमत झाला. अधिवेशनाबरोबर ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते आणि त्यामागे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाचा हातसडीच्या तांदळाचा, घाणीच्या तेलाचा आणि गुळाचा आग्रह होता. त्या काळचा प्रश्न पोटभर अन्न मिळण्याचा होता. पोट भरल्यानंतर कंबरेचा घेर हाच रोगाचा निर्देशक ठरेल, अशी शंका तेव्हा कुणाच्या मनाला शिवण्याचे कारण नव्हते.

मधल्या काळात या पट्ट्यात जे घडले, ते सर्वार्थाने प्रगती म्हणावे असेच आहे. मोटेच्या जागी विजेचा पंप आला. पाट मोडून बारे देण्याचे काम ठिबक सिंचनाने संपवले आणि ठिबकची देशभर ओळख झाली ती जळगावमुळेच. ऊतिसंवर्धित रोपे आली, खते नळीतून मुळाशी जाऊ लागली. पंप सुरू करण्यासाठी रात्री-अपरात्री शेतात जाणारा शेतकरी आता घरबसल्या मोबाइलवरून तो सुरू करतो आणि शेतावर चक्कर मारायची झालीच तर मोटारसायकलवर मारतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागाईतदाराच्या दिनक्रमातून मात्र चार-सहा तासांचे अंगमेहनतीचे काम निघून गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर झाली नाही.

कष्ट गेले, ताट मात्र कष्टाच्याच मापाचे राहिले. खानदेशचा स्वयंपाक हा राबणाऱ्या माणसाचा स्वयंपाक आहे. वरण-बट्टी, तेलाचा तवंग मिरवणारी शेवभाजी, शेंगदाण्याचे तेल मुक्तहस्ते घातलेले भरीत, पुरणाचे मांडे. दिवसभर मोटेमागे किंवा नांगरामागे चालणाऱ्याला हे सारे पचत होते, नव्हे, हवेच होते. तळलेली शेव पुन्हा तेलाच्या रश्श्यात सोडण्याची कल्पना चवीच्या दृष्टीने अफलातून आहे, यात वाद नाही. पण ती आता लग्नकार्यापुरती उरलेली नाही. रस्त्याकडेच्या ढाब्यावर आठवड्यातून दोनदा, घरी एकदा, आणि मधल्या वेळी दुकानातले फरसाण, बिस्किटे व साखरेचा चहा, अशी तिची संगत वाढली आहे. उपवासाच्या दिवशी तरी पोटाला विश्रांती मिळावी, तर तेथे साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे हजर असतात.

या बदलाचा शरीरावर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राने एका नावाखाली गोळा केला आहे. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव रूढ झाले. चयापचयाच्या बिघाडाचा हा लक्षणसमूह ओळखण्याचे निकष २००९ मध्ये प्रमुख आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र बसून ठरवले. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर किंवा अधिक, स्त्रीची ८० किंवा अधिक. रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त. उपकारक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषात ४० पेक्षा आणि स्त्रीत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. या पाचांपैकी तीन गोष्टी एका व्यक्तीत सापडल्या की निदान झाले. यातील एकेक आकडा सुटा पाहिला तर फारसा भयंकर वाटत नाही. रक्तदाब थोडा वर, साखर थोडी वर, पोट थोडे सुटलेले, असे ‘थोडे थोडे’ घेऊन माणूस वर्षानुवर्षे हिंडत-फिरत असतो आणि डॉक्टरही पुष्कळदा ‘जरा जपा’ एवढेच सांगतात. धोका आहे तो या थोड्या-थोड्याच्या बेरजेत.

पोटातील आतड्यांभोवती साठणारी चरबी कातडीखालच्या चरबीसारखी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले यकृतात जातात. यकृत जादा ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, एचडीएल घटते आणि कोलेस्टेरॉलचे बारीक, घट्ट कण वाढतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरण्यात हे कण तरबेज असतात. दुसरीकडे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतत राहते. काही वर्षे साखर काबूत दिसते, नंतर तीही वर चढते. मधुमेहाचे निदान होते तो दिवस आजाराचा पहिला दिवस नसतो. रोहिणीच्या आत बांधकाम त्याआधीच बरेच पुढे गेलेले असते.

भारतीय शरीराबाबत ही गोष्ट आणखी बिकट का होते, याचा सर्वांत महत्त्वाचा शोध महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा माग ठेवला. या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला काटकुळे आणि आतून मेदयुक्त, असे हे शरीर आईच्या पोटातूनच येते. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली एक गमतीदार छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

फैजपूरच्या संदर्भात या संशोधनाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. कमी वजनाने जन्मलेल्या, दुष्काळ आणि रेशनच्या रांगा पाहिलेल्या पिढ्यांच्या पोटी आलेला माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात अचानक सुबत्तेत पोहोचतो, तेव्हा टंचाईसाठी घडलेले शरीर त्या सुबत्तेखाली वाकते. १९३६ च्या अधिवेशनाने ज्या उपासमारीचा विचार केला, तिचे काही देणे अशा रीतीने नातवंडांकडून वसूल होत आहे. याची किंमत वयाच्या रूपाने मोजावी लागते. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ आढळले. इतरत्र ते जवळपास ५९ होते. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, बागेवरचे पीककर्ज या साऱ्यांच्या मधोमध कर्ता माणूस कोसळणे.

या नावावर आक्षेपही आहेत. अमेरिका आणि युरोपातील मधुमेहतज्ज्ञांच्या संघटनांनी २००५ मध्ये संयुक्त निवेदन काढून विचारले होते, की पाच घटक वेगवेगळे मोजून त्यावर उपचार करता येत असताना त्यांची मोट बांधून नवे नाव देण्याने रुग्णाचा फायदा काय? प्रश्न रास्त होता. मोठ्या रुग्णालयात, जेथे प्रत्येक तपासणी हाताशी आहे, तेथे या नावाने फारसे काही साधत नसेलही. पण जेथे माणूस तपासणीला येतच नाही, तेथे हे नाव उपयोगाचे आहे, कारण त्याच्या पाच निकषांपैकी पहिला शिंप्याच्या टेपने मोजता येतो आणि दुसरा आरोग्य सेविकेजवळच्या रक्तदाबाच्या यंत्राने. सुईही टोचावी लागत नाही. वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ ठरलेला आणि म्हणून निर्धास्त असलेला काटकुळा माणूस टेपच्या मापात सापडतो.

उपायांच्या बाबतीत सध्या एक भाबडेपणा पसरला आहे, तो म्हणजे पुन्हा भाकरीकडे वळले की सारे ठीक होईल. दादरची भाकरी आणि कळण्याची भाकरी हे खानदेशाचे वैभव आहे, त्यांच्यासाठी वेगळ्या कारणांची गरज नाही. पण ‘इंडियाब’च्या आहारविषयक विश्लेषणात २०२५ मध्ये असे दिसले, की भारतीय माणसाच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ आणि साखर यांतूनच येतात, आणि एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्य आणल्याने धोका कमी झाल्याचे आढळले नाही. फरक पडतो तो या पिठातला काही भाग डाळी, कडधान्ये, दूध-दही यांना दिला तर. म्हणजे चार भाकऱ्यांच्या दोन करणे आणि वरण दाट करणे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळणाऱ्या आजीचा हिशेब त्यातल्या त्यात बरोबर होता. केळीवर मात्र उगाच संशय घेतला जातो. शेतातले एक केळे वडापावाची जागा घेत असेल तर ते स्वागतार्हच आहे.

चालण्याचेही तसेच. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आहारात बदल आणि रोज अर्धा तास झपाझप चालणे एवढ्यावर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही साधारण तेवढाच. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते. वजन हटत नाही म्हणून महिनाभरात चालणे सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. अडचण आहे ती जागेची. ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या धावणाऱ्या राज्यरस्त्याच्या कडेला, पदपथ नसताना, पहाटेच्या अंधारात पन्नाशीच्या बाईने चालायचे कुठे? एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा पहाट हाच एक वेळ उरतो. लहान नगरपालिकांच्या विकास आराखड्यात व्यापारी संकुलाला जागा सापडते, चालण्याच्या पट्टीला सापडत नाही.

सरकारी पैशाची दिशा पाहिली तर विसंगती आणखी ठळक होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात खानदेशातला धुळे जिल्हा होता. आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. या योजनेत अँजिओप्लास्टी होते, बायपास होते. अनेक घरे तिने कर्जापासून वाचवली आहेत. परंतु रुग्णालयात दाखल होण्याआधीची पंधरा वर्षे, म्हणजे दरमहाच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि वर्षातून एकदाची तपासणी, तिच्या कक्षेत येत नाहीत. तो भाग असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे, गोळ्या मोफत आहेत, उपकेंद्रापर्यंत त्या पोहोचवण्याची सोय कागदावर आहे.

कागद आणि प्रत्यक्ष यांतील अंतर सर्वाधिक सोसतो तो मजूर. केळीचे घड आजही खांद्यावरूनच बागेबाहेर निघतात आणि ते वाहणारे अनेक जण सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतून येतात. त्याच्या कंबरेला चरबी नसेल; पण तंबाखू आहे, मीठ-तेलावरचे जेवण आहे आणि कधीच न मोजलेला रक्तदाब आहे. ‘इंटरहार्ट’च्या नऊ धोक्यांच्या यादीत तंबाखू वरच्या क्रमांकावर होती, हे विसरून चालणार नाही. हा माणूस पहाटे निघतो आणि सकाळी उघडणारा बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर परततो. गोळ्या मोफत असल्या तरी त्या घेण्यासाठी त्याला एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात एकाच वेळी तीस दिवसांच्या गोळ्या देणे, त्या घराजवळच्या केंद्रातून देणे आणि चुकलेल्या रुग्णाला फोन करणे या तीन साध्या गोष्टींवर भर आहे. केळीच्या पट्ट्यात त्यात चौथी घालावी लागेल ती वेळेची. आठवड्यातून एक संध्याकाळ, बाजाराच्या दिवशी, सात ते नऊ या वेळात टेप, रक्तदाबाचे यंत्र आणि गोळ्यांची पेटी घेऊन कुणी बसले, तर कापणीवरून परतणारा मजूर आणि दुकान बंद करून निघालेला अडत्या हे दोघेही एकाच रांगेत उभे राहू शकतील.