कट्ट्याचा गुन्हा आणि पहिल्या रिमांडचा वकील

नांदगावच्या वस्त्यांमध्ये काम करताना रात्री उशिरा येणारे फोन आम्हाला आता नवे राहिलेले नाहीत. मध्यंतरी असाच एक आला. "दादा, पोराला पोलीस घेऊन गेले. गाडीच्या डिकीत कट्टा सापडला म्हणतात." पोरगा एकोणीस वर्षांचा, आयटीआयला जाणारा. घरच्यांच्या सांगण्यानुसार वस्तू मित्राची, याने फक्त तिच्यासोबत रील काढलेली. खरे काय ते न्यायालय ठरवेल. आम्हाला सांगायचे आहे ते त्या रात्रीबद्दल. घरच्यांनी त्या रात्री तीन पुढाऱ्यांना फोन केले आणि वकील मात्र एकही गाठला नाही. सकाळी घराच्या जागेचा दावा चालवणाऱ्या वकिलांना गळ घातली. ते भले गृहस्थ, पण सगळी हयात दिवाणी कामात गेलेली. ते कोर्टात पोहोचले तोवर पोलीस कोठडीचा आदेश झालेला होता.

गावठी कट्टा हा आपल्या भागात दूरचा विषय राहिलेला नाही. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून आहे. तिथल्या भट्ट्यांवर पुणे पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठा छापा टाकला. बनवणारे तिकडे, विकणारे मधल्या वाटेवर, आणि पकडला जातो तो बहुतेक वेळा शेवटचा हात. तो हात कुठल्या वस्तीतला असतो, हे आपल्याला सांगायला नको. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात परवानाधारक बंदुका किती आणि कोणाकडे आहेत हा प्रश्न राज्यभर गाजला. वजनदार माणसाच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आणि आपल्या पोरावर कलम ३ सह २५, हा फरक समाजशास्त्राच्या वर्गात शिकावा लागत नाही. पण म्हणून आपल्या पोराने कट्टा हातात घ्यावा असे कोणी समजू नये. रीलसाठी काढलेला फोटोही पोलिसांना तपासाचा धागा देतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास आता किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड. प्रतिबंधित प्रकारचे शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षे. त्यामुळे "कबूल करून टाक, दंड भरून सुटशील" हा चहाच्या टपरीवरचा सल्ला घातक आहे. कबूल केले की दोषसिद्धी झाली. किमान शिक्षेच्या खाली यायचे तर न्यायालयाला विशेष कारणे नोंदवावी लागतात. आणि पोरगा पोलीस भरतीची तयारी करत असेल तर तो विषय तिथेच संपला.

कट्ट्याचा खटला कागदांवर उभा असतो, म्हणून फौजदारी काम करणारा वकील लागतो. जप्तीचा पंचनामा कुठे, किती वाजता, कोणासमोर झाला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते. ते झाले का, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवले का? शस्त्र सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले का, ते चालू स्थितीत आहे असा अहवाल आला का? शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे अग्निशस्त्राच्या अशा खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती कधी मिळाली, काय पाहून मिळाली? आणि सर्वात मोठा प्रश्न ताब्याचा. गुणवंतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे की ताबा म्हणजे वस्तू नुसती जवळपास असणे नव्हे. त्या माणसाला तिची जाणीव हवी आणि तिच्यावर त्याचे नियंत्रण हवे. डिकी कोणाची, चावी कोणाकडे, गाडी त्या दिवशी कोणी नेली होती, हे सगळे इथे येते. हे प्रश्न पहिल्या आठवड्यात कोणी टिपून ठेवले नाहीत तर दोन वर्षांनी उलटतपासणीत आठवून उपयोग नसतो.

संजय दत्तचे उदाहरण पोरे हमखास देतात. एवढा मोठा माणूस, एवढे मोठे वकील, तरी जेलमध्ये गेलाच की! ते प्रकरण नीट पाहायला हवे. टाडाच्या आरोपांतून तो २००६ मध्ये सुटला आणि शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरला. सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये पाच वर्षांवर आणली. त्यात पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य धरला गेला, कारण टाडा कायद्यात तशी खास तरतूद होती. साध्या शस्त्र अधिनियमाच्या गुन्ह्यात तसे होत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मात्र कोठडीत त्याने सांगितलेल्या माहितीवरून काही वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. कोठडीतले दिवस म्हणूनच महत्त्वाचे. आणि नव्या संहितेत ही पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग घ्यावी लागत नाही, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. वकील एक दिवस येऊन गेला आणि काम झाले, असे आता होत नाही.

अटक झाली त्या क्षणापासून आपले हक्क सुरू होतात. चौकशीदरम्यान, पूर्ण वेळ नसले तरी, वकिलाला भेटता येते. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शाह प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने स्पष्ट केले की अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि त्याच वेळी देणे शक्य नसेल तरी रिमांडपूर्वी किमान दोन तास आधी. आपल्या पोराला तो कागद मिळाला का, हे वकिलाने पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे. वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांचा हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. त्याचा मसुदा १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडला तो बाबासाहेबांनी. स्वतः बॅरिस्टर म्हणून त्यांनी १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांचा बचाव केला होता. आरोपीचा वकील होणे त्यांनी कधी कमीपणाचे मानले नाही. आपल्याकडे मात्र "गुन्हेगाराचं वकीलपत्र कशाला घ्यायचं" असे म्हणणारे कार्यकर्ते अजून भेटतात.

आता पैशाचा प्रश्न. आमच्या पाहण्यात वकिलाच्या फीसाठी व्याजाने पैसे काढलेली घरे आहेत, मंगळसूत्र गहाण टाकलेल्या माउल्या आहेत. यातल्या बहुतेकांना फी द्यायची गरजच नव्हती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही तो दर्जा मिळालेला आहे. जातीचा दाखला रात्रीतून सापडला नाही तरी अडत नाही, कारण कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती या कलमात बसते.

तरी लोक जात नाहीत. कारण आम्ही शोधले तेव्हा गंमतच वाटली, आणि वाईटही. "सरकारी वकील नको, तो पोलिसांच्याच बाजूने बोलतो." मोफत वकील म्हणजे सरकारी वकील, असा समज पक्का बसला आहे. सरकारी वकील हा सरकार पक्षाचा, म्हणजे पोरावर आरोप ठेवणाऱ्या बाजूचा. मोफत मिळतो तो पोराच्याच बाजूचा. २०२२ च्या योजनेपासून यासाठी जिल्ह्यांत स्वतंत्र कार्यालये होऊ लागली, त्यांना लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन क्रमांक आहे.

मोफत मिळणारा प्रत्येक वकील चांगलाच असतो असे आम्ही म्हणणार नाही. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेला वकील द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात म्हटले. साध्या कट्ट्याच्या खटल्याला ते संरक्षण नाही. वकील तारखेला येत नसेल तर समितीकडे लेखी अर्ज देऊन बदलून मागा. खासगी वकील लावायचा असेल तर त्याने शस्त्र अधिनियमाचे किती खटले शेवटापर्यंत चालवले ते विचारा. फीची पावती घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. "जामिनाची गॅरंटी" देणाऱ्याच्या पायरीवरून परत फिरा. निकालावर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

आणि एक तारीख घरच्यांनी स्वतः लिहून ठेवावी. पाच वर्षांपर्यंत शिक्षेच्या अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर तो हक्क जातो. एकसष्टाव्या दिवशी सकाळी वकील कोर्टाच्या दारात हवा.

त्या आयटीआयच्या पोराचा जामीन महिनाभराने झाला. मंजुरीचा आदेश आणि पंचनाम्याच्या वेळा आता विधी सेवा समितीने दिलेल्या वकिलांनी हाती घेतल्या आहेत. दिवाणी वकिलांनी वकीलपत्र सोडायला कुरकुर केली नाही. आईने काढलेले कर्ज मात्र अजून फिटलेले नाही, आणि दर आठवड्याला हप्ता मागायला माणूस दारात येतो.