विद्यापीठाच्या सीमा आणि संघातील बारा जागा

पूर्णा हे जंक्शनचे गाव. परभणी, नांदेड आणि हिंगोलीमार्गे अकोला अशा तीन दिशांना येथून लोहमार्ग जातात. या गावावर कोणाची हुकमत, याचे उत्तर मात्र खात्यागणिक बदलते. जिल्ह्याचे ठिकाण परभणी, महसूल आयुक्तालय छत्रपती संभाजीनगर, रेल्वेचा विभाग २००३ पासून नांदेड आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबाद. विद्यापीठाच्या बाबतीतही पूर्णेची एकदा अदलाबदल होऊन गेली आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे १७ सप्टेंबर १९९४ रोजी विभाजन झाले. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले आणि परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला.

आता पुन्हा एका विभाजनाची कुजबुज अधूनमधून ऐकू येते. लातूरला विद्यापीठाचा उपपरिसर आहे आणि तेथे स्वतंत्र विद्यापीठ व्हावे, ही मागणी जुनी आहे. निवडणुका जवळ आल्या की ती उचल खाते, नंतर थंडावते. परीक्षांचे निकाल, पदव्यांचे वाटप, विद्यार्थ्यांच्या खेपा असे मुद्दे या मागणीच्या बाजूने मांडले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. मात्र विद्यापीठाच्या नावाचा गणवेश घालून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूचे काय होणार, हा प्रश्न या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न गेली काही वर्षे वर्तमानपत्रांची पहिली पाने व्यापून आहे. तेथील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ म्हणजे स्पर्धागट करून आपापसांत खेळतात. पूर्वी हे गट शेजारच्या राज्यांतील विद्यापीठांचे असत. दूरचित्रवाणीच्या पैशाने हा शेजार मोडला. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे आपला गट सोडून ‘साउथईस्टर्न’ गटात जाणार, अशी बातमी ह्यूस्टनच्या दैनिकाने दिली. संबंधितांनी ‘अफवांवर भाष्य नाही’ असा पवित्रा घेतला. दहा दिवसांच्या आत त्यांना रीतसर निमंत्रणही मिळाले होते.

पुढील वर्षी, ३० जून २०२२ रोजी, लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ गट सोडून मध्य-पश्चिमेतील ‘बिग टेन’ गटात जाण्याचे जाहीर केले. दीड-दोन महिन्यांतच त्या गटाने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सुमारे ७०० कोटी डॉलर सांगितली गेली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये ‘पॅक-१२’ची उरलीसुरली विद्यापीठेही पांगली आणि शंभर वर्षांहून जुन्या गटात दोनच सदस्य उरले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड ‘अटलांटिक किनारा’ असे नाव असलेल्या गटात गेले. डलासच्या एका विद्यापीठाने त्याच गटात प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा सोडून दिला. हे सारे प्रामुख्याने फुटबॉलसाठी झाले. पोहणाऱ्या किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना मात्र त्यापायी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागू लागले.

मराठवाड्यात प्रक्षेपणाचे हक्क विकत घ्यायला कोणी येत नाही. येथील पैसा लहान आहे, पण त्याचे गणित समजण्यासारखे आहे. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून इतर शुल्कांबरोबर क्रीडा शुल्कही घेतले जाते आणि त्यातील वाटा विद्यापीठाकडे जातो. विद्यार्थिसंख्या जितकी मोठी, तितका क्रीडा विभागाचा हात सैल. परीक्षा आणि संलग्नीकरण शुल्काचेही तेच. लातूरच्या महाविद्यालयांचे वजन कोणालाही ठाऊक आहे. ती बाहेर पडली, तर नांदेडच्या तिजोरीत येणारी रक्कम घटेल; संघाचा प्रवास, निवास आणि सराव शिबिरांचा खर्च मात्र त्या प्रमाणात घटणार नाही. पश्चिम विभागाची स्पर्धा राजस्थानात असो वा गुजरातेत, तिकीट तेवढेच लागते.

तरीही विभाजन म्हणजे खेळाडूचे नुकसान, असे सरसकट म्हणता येत नाही. पूर्णेचा अनुभव उलटाच आहे. १९९४ पूर्वी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सात जिल्ह्यांचे होते आणि मुख्यालय रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर. कबड्डीच्या संघात जागा बाराच. सात जिल्ह्यांतून बारा जणांत येणे आणि लातूर, नांदेड, परभणी या तिघांतून बारा जणांत येणे, यांत मोठा फरक आहे. (हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाल्याने आज हे जिल्हे चार दिसतात, प्रदेश तोच.) नांदेड तर पूर्णेहून तीसेक किलोमीटर. सकाळच्या गाडीने निवड चाचणीला जाऊन संध्याकाळी घरी परतणे शक्य झाले. ज्या घरांत मुलीला परगावी मुक्कामी पाठवण्यास नकार मिळतो, तेथे या एका गोष्टीचे मोल फार असते. ‘कलर होल्डर’ म्हणून मिळणारा मानही त्यामुळे अधिक हातांपर्यंत पोहोचला.

याची किंमत मोजावी लागते ती पुढच्या पायरीवर. भारतीय विद्यापीठ संघाच्या रचनेत महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश पश्चिम विभागात येतात. बहुतेक सांघिक खेळांत विभागातील पहिले चार संघच अखिल भारतीय फेरीत जातात. एका तगड्या संघाचे दोन मध्यम संघ झाले, की दोघांचीही गाडी अलीकडच्या स्थानकावरच थांबण्याचा धोका असतो. सोलापूर (२००४) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) ही विद्यापीठे अशाच विभाजनातून जन्मली. त्यांच्या स्थापनेचे समर्थन करताना सोयीचा मुद्दा पुढे होता आणि तो रास्तच होता. संघ दुबळा पडू नये म्हणून वेगळी तरतूद करावी, हा मुद्दा मात्र मागेच राहिला.

दुसरी फेरमांडणी गाजावाजा न होता झाली. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या कायद्याने राज्यभर संलग्नीकरणाचा अधिकार मिळाला आणि मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये तिकडे गेली. लोणेरे रायगड जिल्ह्यात, पूर्णेपासून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. नांदेडच्या वसतिगृहात राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आता शेजारच्या कला महाविद्यालयातील मित्राबरोबर एका संघात खेळू शकत नाही. स्टॅनफर्डच्या ‘अटलांटिक’ प्रवासाला हसण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. तेथे निदान त्या प्रवासाचे पैसे तरी मिळतात.

पैशाचा खरा खेळ भारतात वेगळ्या वाटेने सुरू झाला आहे. येथे विद्यापीठ गट बदलत नाही, खेळाडू विद्यापीठ बदलतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांनी प्रत्येकी १७ सुवर्णपदके जिंकली. पुणे दुसरे आले. चारच वर्षांनी, २०२४ च्या ईशान्य भारतातील स्पर्धेत, पहिले दोन क्रमांक चंडीगढ विद्यापीठ आणि लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ या पंजाबातील खासगी संस्थांनी पटकावले. शुल्कमाफी, वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षक यांची हमी देऊन देशभरातील खेळाडू घेणे त्यांना परवडते. शुल्कातील वाट्यावर चालणाऱ्या सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे यासमोर ठेवायला फारसे काही नसते. अनेक महाविद्यालयांत तर शारीरिक शिक्षण संचालकाचे पदच रिक्त असते.

अमेरिकेत निदान हिशेब मागितला जातो. बर्कलेचे विद्यापीठ लॉस एंजेलिसच्या आपल्याच भावंडामुळे तोट्यात आले, तेव्हा दोन्ही विद्यापीठांच्या नियामक मंडळाने लॉस एंजेलिसने बर्कलेला दरवर्षी १ कोटी डॉलर द्यावेत, असे ठरवले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

लातूरबाबत निर्णय व्हायचा तेव्हा होईल. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन शहरांत जे रान पेटले, ते पाहता तो सहज होणारा नाही. पण झालाच, तर क्रीडा निधीची शिल्लक कोणत्या प्रमाणात वाटायची, नांदेडच्या परिसरातील मैदाने आणि साहित्य लातूरच्या संघांना किती वर्षे वापरता येईल, विभाजनाच्या वर्षी संघात असलेल्या विद्यार्थ्याने कोणाकडून खेळायचे आणि उरलेल्या तीन जिल्ह्यांच्या क्रीडा खर्चाची तूट शासन काही वर्षे भरून देणार का, हे अधिसूचनेपूर्वी लिहून निघायला हवे. पूर्णेच्या खेळाडूला त्या दिवशीही नांदेडचीच गाडी पकडायची असेल. चाचणीतील स्पर्धक कमी झालेले असतील आणि पुढच्या स्पर्धेला जाण्यासाठी विद्यापीठाकडे पैसे आहेत की नाहीत, हे तेथे पोहोचल्यावरच कळेल.