टाळ्या आणि जमाखर्च

नाटक कंपनी बुडाली अशी वार्ता आली म्हणजे शहाणासुरता मनुष्य दोनच अनुमानें काढून मोकळा होतो: नट व्यसनी असेल, किंवा मॅनेजरानें गल्ला मारला असेल. अमेरिकेंतील एड्विन बूथ या नटश्रेष्ठाचें चरित्र ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस इतका झटपट निकाल देतां येणार नाहीं.

बूथचा जन्म १८३३ सालीं मेरीलंड प्रांतांत झाला. बाप ज्यूनियस ब्रूटस बूथ हा नामांकित नट, पण मद्यपी व लहरी. त्याला सांभाळीत गांवोगांव हिंडणें हीच मुलाची शाळा. पुढें १८६४ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन नाटकगृहांत त्यानें हॅम्लेटची भूमिका धरली ती शंभर रात्री चालली. (आगरकरांनीं ‘विकारविलसित’ या नांवानें १८८३ सालीं मराठींत आणलें तेंच हें नाटक.) तो विक्रम होऊन महिनाही लोटला नाहीं तोंच, १४ एप्रिल १८६५ रोजीं, त्याचा धाकटा भाऊ जॉन विल्क्स यानें प्रेसिडेंट लिंकन यांस वॉशिंग्टनांतील एका नाटकगृहांतच गोळी घातली. एड्विननें स्वतः लिंकन यांसच मत दिलें होतें; तरी त्यानें रंगभूमि सोडली. भावाच्या गुन्ह्याबद्दल भावास शिक्षा देणारें कलम सुधारलेल्या कोणत्याही कायद्यांत नाहीं; लोकांच्या मनांतील कायद्यांत मात्र तें असतें. १८६६ च्या जानेवारींत तो पुनः हॅम्लेट होऊन आला, तेव्हां प्रेक्षकांनीं उभें राहून त्याचा जयघोष केला. न्यूयॉर्ककरांचा हा निवाडा आम्हांस पूर्ण मान्य आहे.

यापुढील भाग आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. १८६७ सालीं विंटर गार्डन जळून खाक झालें. तेव्हां बूथनें स्वतःचेंच नाटकगृह बांधण्याचें मनांत आणलें, आणि ३ फेब्रुवारी १८६९ रोजीं तें उघडलें. देखावे पाण्याच्या दाबानें खालून वर चढविणारीं यंत्रें त्यांत होतीं. खर्च दहा लक्ष डॉलरांच्या वर गेला! १८७१ च्या अखेरीस ‘ज्यूलियस सीझर’ मोठ्या थाटानें रंगभूमीवर आलें. टाळ्यांस कमतरता नव्हती. पण नाटकगृह उघडें असेल त्याच रात्रीं पैसा येतो, आणि व्याज मात्र रविवारींही चढत असतें. त्यांत भागीदाराशीं बिनसलें, १८७३ सालीं सबंध देशांत पेढ्या कोसळल्या, आणि १८७४ सालीं या अद्वितीय नटास दिवाळें काढावें लागलें. १८८३ सालीं ती इमारतही पाडण्यांत आली.

येथें व्यसनही नाहीं, अफरातफरही नाहीं. बूथ हिशेबांत कच्चा होता हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. वहीकडे न पाहतां पडद्याकडे पाहणारा मालक कोणत्याही धंद्यांत बुडावयाचाच. परंतु ज्या इमारतीचा मान सबंध शहरानें मिरवावयाचा, तिचें कर्ज एका नटाच्या डोक्यावर कां असावें? गिरणी काढावयाची असतां आपण भाग विकतों, पंच नेमतों, हिशेब तपासवितों. नाटकगृहाच्या बाबतींत मात्र सोन्याच्या पदकानें आपलें कर्तव्य संपतें.

पुढें गांवोगांव खेळ करून बूथनें पुनः द्रव्य मिळविलें. १८८१ सालीं लंडनांत हेन्री आयर्विंगबरोबर ऑथेल्लो व इयागो या भूमिका आलटून पालटून केल्या. मग १८८८ सालीं ग्रामर्सी पार्क येथें एक घर विकत घेऊन त्यानें ‘द प्लेअर्स’ हा क्लब स्थापन केला. नटांनीं लेखक, वकील, सावकार यांच्या पंक्तीस बसावें हा त्याचा हेतु. मार्क ट्वेन व सेनापति शर्मन हे आरंभींचे सभासद होते. वकील या नात्यानें आमचें लक्ष वेधतें तें हें कीं, या खेपेस त्यानें मिळकत स्वतःच्या नांवें ठेवली नाहीं, संस्थेच्या स्वाधीन केली, आणि आपणांस रहावयास वरच्या मजल्यावर जागा तेवढी मागून घेतली. तेथेंच १८९३ च्या जूनमध्यें तो वारला. नाटकगृह चौदा वर्षांत भुईसपाट झालें. हें घर मात्र त्याच्यामागें शंभरांहून अधिक वर्षें क्लबाचेंच राहिलें.