नेल्सनने न बांधलेली गोदी

कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटाच्या इंग्लिश हार्बर बंदरात आज जगभरच्या धनिकांच्या यॉट मुक्कामाला येतात. त्या जिथे विसावतात ती जागा म्हणजे ‘नेल्सन्स डॉकयार्ड’. ब्रिटिश आरमाराची ही गोदी ॲडमिरल नेल्सनने उभारली, असा समज या नावामुळे सहज होतो. तो निखालस खोटा आहे.

काम १७२५ च्या सुमारास सुरू झाले. नेल्सनचा जन्मच १७५८ चा. १७८४ मध्ये तो इथे आला, तीन वर्षे राहिला आणि जागेला नावे ठेवत परतला. जागेला नाव मात्र त्याचेच लागले!

दगड वाहिले ते उसाच्या मळ्यांतून धाडलेल्या आफ्रिकी गुलामांनी. युनेस्कोने २०१६ मध्ये या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा देताना त्यांच्या श्रमांची दखल घेतली. पाटी तशीच राहिली.

नाव बदलणे म्हणजे इतिहास पुसणे, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. आरमाराने १८८९ मध्ये गोदी सोडली. तोवर ती ‘अँटिग्वा नेव्हल यार्ड’ होती. नेल्सनचे नाव हीच नंतरची भर.

८ मार्च १७४४ रोजी याच गोदीत बंदुकीच्या दारूच्या स्फोटात आठ गुलाम कामगार ठार झाले. त्या आठही जणांची नावे कागदोपत्री उपलब्ध आहेत.